मोहोर म्हणायचं की हवा

शुभा, वर्ग झाला. तू असतीस तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, म्हणून आधी सांगून टाकते. बहुतेक सगळ्या दुकानांतून माणसं आली. साळवी स्टॉपकडची दोघं उशिरा आली आणि त्यांना दारातच कोणी फैलावर घेतलं नाही, कारण ते खातं तुझं होतं. चहा वेळेवर आला, वडे गार आले. फळ्यावरचं माझं अक्षर मागच्या रांगेतून वाचता येत होतं. मी स्वतः मागे जाऊन पाहिलं.

तुझ्या प्रकाशरावांनी विचारलं होतं, या वर्षी राहू दे का. तुझे दिवस नुकतेच आटोपले होते आणि घरात अजून भेटायला येणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या. मी म्हटलं, नको, दिवस ठरलेला आहे. मला दगडाची म्हणत असतील तर म्हणोत. तुळशीचं लग्न झालं की आपला वर्ग, हे तू आणि मीच ठरवलेलं. थंडी पडली की मोहोर फुटणार, मोहोर फुटला की काउंटरवर नाकं गळायला लागणार, आणि दुकानांतली निम्मी पोरं या वर्षी नवी होती. त्यांना शिकवायचं राहिलं तर कोणीतरी कोणाला तरी चुकीची गोळी देणार, एवढा साधा हिशेब. मला रडायचंही होतं, पण ते त्या दिवशीच्या कामांत बसत नव्हतं.

हे छापून येणार आहे, तेव्हा ज्यांना आपला वर्ग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. तुला कंटाळा आला तर पुढे जा. आपल्याकडे मोहोराच्या दिवसांत पुष्कळांना शिंकांवर शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, टाळू खाजते. ही नेहमीची सर्दी नव्हे, ही ॲलर्जी. पण माणूस त्यासाठी डॉक्टरकडे जात नाही. तो मेडिकलमध्ये येतो आणि सर्दीची गोळी मागतो. समोरचा गोळी काढून देतो. ती झोप आणणारी निघाली तर माणूस तीच घेऊन आंब्यावर शिडी लावतो, नाहीतर बोटीवर जातो. दुसरा एखादा नाक मोकळं करणारे थेंब महिना महिना घालत बसतो, आणि नाक होतं त्याहून चोंदतं. तिसऱ्याला खरं तर दमा असतो आणि ते कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून काउंटरवर उभं राहणाऱ्याने काय विचारायचं, काय सांगायचं, आणि कधी हात आखडून फार्मासिस्टला हाक मारायची किंवा डॉक्टरकडे पाठवायचं, एवढ्यासाठी हा वर्ग. एक दुपार, बस्स.

मी फळा सांभाळायची आणि तू गिऱ्हाईक व्हायचीस.

तुझं गिऱ्हाईक सरळ कधीच नसायचं. पदर खोचून मासळीवाली होऊन यायचीस. पाटी बाहेर ठेवलीय, मांजर टपून बसलंय, दे रे लवकर, असं म्हणून पोराला असं घाईला आणायचीस की तो विचारायचं विसरून गोळी काढायचा. ती हातात पडली की मग तू सावकाश म्हणायचीस, "बीपीच्या गोळीबरोबर चालते ना रे ही?" आणि सगळा वर्ग खाली बघायला लागायचा. एकदा तू शाळेतले मास्तर झालीस. मागे ओळखीच्या बायका उभ्या आहेत म्हणून ते मास्तर प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होते. एकदा स्वतःसाठी म्हणून गोळी मागितलीस, आणि ती होती पोराला अर्धी करून द्यायला. नंतर चहाच्या वेळी तू पोरांना सांगितलेलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं नव्हतं, पण ते माझ्या लक्षात आहे. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, त्याला घाई असते.

मी फळ्यावर काय लिहायची तेही सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल सगळं तूच केलंस. डोळे खाजतात का? नाकातून पाणी येतं की घट्ट शेंबूड? दर वर्षी याच दिवसांत होतं का? ताप आहे का? छातीत शिट्टी वाजते का, चालताना दम लागतो का? गोळी घेतल्यावर काय काम करणार? बाकी कुठली औषधं चालू आहेत? बाई असेल तर दिवस गेलेत का? एवढं विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी या सगळ्याच्या वर मोठ्या अक्षरात 'परागज्वर' असं लिहिलं होतं. तू मागच्या बाकावरून विचारलंस, हा कोणाच्या घरी आला होता? आणि मग म्हणालीस, वर ज्वर लिहिलंयस आणि खाली लिहिलंयस ताप असला तर हे नव्हे, डॉक्टरकडे पाठवा. पोरांनी समजायचं काय, मास्तरीणबाई? मी तो शब्द पुसला. त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी मास्तरीणबाई झाले ती कायमची. प्रकाशरावही मला फोनवर चुकून तसं म्हणून जातात.

सावर्ड्याला तिथल्या दुकानांसाठी वर्ग घेतला होता ते वर्ष आठवतं? परतीच्या एसटीत तुझ्या मनात आलं की नाकात मारायचा स्प्रे आपण नीट दाखवला नाही. रिकामी बाटली पिशवीत होतीच. तू ती काढून भर गाडीत मला समजावायला लागलीस. मान थोडी पुढे, बाटलीचं तोंड नाकातल्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाकडे, आणि जोरात ओढायचं नाही, अलगद. रोज मारायचा, एका दिवसात गुण येत नाही म्हणून सोडायचा नाही. पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून बघत होते. तू त्यांनाही विचारलंस, तुम्हाला होतो का हो त्रास? झालं, सगळी गाडी तुझं दुकान झाली. कंडक्टरने तिकिटं फाडायचं थांबवून आपल्या बायकोच्या शिंका सांगितल्या. तू प्रत्येकाला एकच सांगितलंस: स्प्रे डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्या, पण घेतल्यावर असा मारा.

आणि त्याच गाडीत आपलं भांडण झालं. तू संगमेश्वर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलीस. मग उकडलेल्या शेंगांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलास, पण मुद्दा सोडला नाहीस.

मुद्दा तोच होता, दर वर्षीचा. त्याची सुरुवात माझ्या दुकानात झाली. माझ्याकडे संदेश होता, चांगला मुलगा, वर्ग केलेला, सगळे प्रश्न पाठ. एका बागवाल्यांच्या घरातल्या काकू आल्या. त्याने रीतीप्रमाणे सगळं विचारलं आणि शेवटी स्पष्ट सांगितलं, काकू, तुम्हाला तुमच्या कलमांच्या मोहोराचीच ॲलर्जी आहे. काकू गोळी न घेता गेल्या. त्या वर्षी पुढे ढग आले, तुडतुड्याची कीड पडली आणि त्यांचा मोहोर काळा झाला. तो सगळ्यांचाच झाला होता, पण काकू माझ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या आणि चार माणसांत म्हणाल्या, "तुझ्या पोराने आमच्या मोहोराला नाव ठेवलंन, आता बघ." मी त्यांना तुडतुड्याचं शास्त्र समजावायला गेले. त्यांनी मला हाताने गप्प केलं.

तुला हे सांगितलं तेव्हा तू हसत सुटलीस. मग हसणं थांबवून म्हणालीस, काकूंचं बरोबर आहे. ज्या मोहोरासाठी ती बाई देवळात जाऊन गाऱ्हाणं घालते, नारळ ठेवते, त्यालाच तू रोग म्हणालीस. तिने काय, टाळ्या वाजवायच्या? त्या दिवसापासून तुझा नियम ठरला. बागवाल्यांच्या घरातल्या माणसाला मोहोर म्हणायचं नाही, हवा म्हणायचं. या हवेत तुम्हाला त्रास होतो, या हवेत बागेत निजू नका, या हवेत नाकाला फडकं बांधा.

मी म्हणत होते, हे खोटं आहे. तू म्हणालीस, खोटं कुठे, मोहोराचे कण हवेतच असतात ना? मी म्हणत होते, कारण कळल्याशिवाय माणूस स्वतःला जपणार कसा? हवा काय, सगळीकडेच असते. तू म्हणत होतीस, कारण सांगितलं आणि माणूस उठून गेला, तर तो किराणा दुकानातून झोप आणणारी गोळी घेऊन मोकळा होतो, मग कोणाला जपलंस? पुढे दर वर्षी वर्गात या ठिकाणी आपण थांबायचो आणि पोरांसमोर भांडायचो. पोरांना वर्गातलं तेच सगळ्यात आवडायचं. चहाच्या वेळी ती दोन बाजूंना उभी राहायची.

आता नानांकडे येते. पावसच्या वाटेवर त्यांची कलमं आहेत. बायको गेल्यावर ते मोहोराच्या दिवसांत बागेतल्या खोलीतच राहायला लागले. मिरकरवाड्यात मासळी घ्यायला उतरले की तुझ्या दुकानात यायचे. बांगड्याची पिशवी पायाशी ठेवायचे आणि नेहमीची गोळी मागायचे. तू त्यांना न झोपवणारी गोळी द्यायचीस, हवेचं सांगायचीस, फडकं बांधा म्हणायचीस. ते मान डोलवायचे. गेल्या मोहोराला मी तुझ्याकडे बसले होते तेव्हा ते आले, आणि वाक्य पुरं करायच्या आधी त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. मी ऐकलं. तूही ऐकलंस. ते नाकाचं राहिलं नव्हतं, छातीत उतरलं होतं. तू त्यांना डॉक्टरकडे जा म्हणालीस. ते हो म्हणाले आणि गेले नाहीत.

या दिवाळीच्या आधी तू दुकानातली कपाटं पुसत होतीस आणि मी बाटल्या उतरवून देत होते. मी तुला म्हटलं, नानांना या वर्षी सरळ सांगायचं. मोहोर आहे, दमा असणार, छातीच्या डॉक्टरकडे जा. हवाबिवा पुरे.

तू फडकं पिळत म्हणालीस, "माधवी, त्या माणसाने जन्म त्या मोहोराकडे बघत काढलाय. त्याला मी जाऊन सांगू, की तोच तुला मारतोय?"

मी विचारलं, मग कोण सांगणार? तू म्हणालीस, "मीच सांगणार. पण माझ्या रीतीने. या मोहोराला बघच तू."

तुझी रीत म्हणजे चालढकल, असं मी म्हटलं. तू पुढच्या कप्प्यापाशी गेलीस. मी ते वाक्य इथे मागे घेत नाही. मला तसं वाटत होतं म्हणून मी बोलले, आणि तू असतीस तर अजूनही बोलत असते. पण त्यानंतर आपलं बोलणं झालं ते फराळाच्या डब्याचं. नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही. तुझ्या रीतीने तू नानांना काय सांगणार होतीस, तेवढं राहिलं.

तर वर्ग. गिऱ्हाईक कोण होणार, असा प्रश्न होता. पोरांतल्या कोणी धीर केला नाही, म्हणून मी झाले. मी नाना झाले. तुझ्या दुकानातली नीलम काउंटरवर उभी राहिली. तू गेल्यापासून तिने दुकान एक दिवस सोडता बंद ठेवलेलं नाही. फार्मासिस्ट म्हणून ती पक्की आहे आणि तोंडानेही पक्की आहे. मी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं की मला शिंका येतात, डोळे खाजतात, ताप नाही, दर वर्षी याच दिवसांत होतं आणि चालताना दम लागतो. वर्ग हसायला लागला. नीलम म्हणाली, "मॅडम, एवढं क्रमाने नाना सांगतात होय? मला विचारायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही." मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फळाच बोलत होता. तुझं काम सोपं दिसायचं.

मग नीलमने विचारलं, नानांना मोहोर म्हणायचं की हवा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. भांडायची वेळ झाली होती. माझी बाजू मी मांडली असती तर या वर्षी कोणीच उलट बोललं नसतं. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, नाही का? मी म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही. आणि खडू खाली ठेवून चहाला सोडलं.

नाना आले तेव्हा मोहोर चांगला फुटला होता. मी हल्ली संध्याकाळी तासभर तुझ्या दुकानात बसते. माझ्या दुकानाला त्या वेळी माझी गरज नसते आणि नीलमला असते. ती नाही म्हणते, पण असते. नानांनी कानाला मफलर गुंडाळला होता. तुझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, ते घरी येऊन गेले होते. फक्त तुझ्या स्टुलावर मी बसले होते ते त्यांनी पाहिलं, पिशवी पायाशी ठेवली आणि नेहमीची गोळी मागितली. छातीतली शिट्टी मला काउंटरच्या अलीकडून ऐकू येत होती. नीलमने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं मी सरळ सांगेन. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "नाना, या हवेत तुम्हाला जास्तच..."

"हवा कसली गो बाय?" नाना म्हणाले. "मोहोर आहे तो. मला काय कळत नाही?"

नीलमने विचारलं की मग शुभाताई एवढी वर्षं हवा म्हणत होत्या तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत ते? नाना म्हणाले, "ती मायेने सांगायची. मला कळत नाही असं तिला वाटायचं. तिला बरं वाटत होतं तर कशाला मोडू?"

शुभा, तेव्हा माझा चेहरा कसा झाला ते तू बघायला हवं होतंस, आणि तुझा मी. बसमध्ये, वर्गात, कपाटांपाशी आपण भांडलो. तुला त्यांना सांगवत नव्हतं. मला वाटत होतं त्यांना सांगायला हवं. आणि नाना शांतपणे तुझी समजूत सांभाळत होते. त्यांना काय वाटतं हे तुझ्या गिऱ्हाइकांत नव्हतं आणि माझ्या फळ्यावरही नव्हतं.

मी जरा चिडूनच विचारलं, कळतं तर डॉक्टरकडे का जात नाही? त्यांनी मासळीच्या पिशवीची गाठ उगाच सोडली आणि बांधली. तेव्हा नीलम म्हणाली, "नाना, गेलात तर डॉक्टर काय म्हणतील असं वाटतं तुम्हाला?"

मग ते बोलले. डॉक्टर म्हणणार, बाग सोडा. ते मुलाला, महेशला, कळणार. महेश डोंबिवलीहून गाडी घेऊन न्यायला येणार. मग बाग कराराने कोणाला तरी देणार, आणि मग एक दिवस विकणार. "मी गोळी खातो आणि गप बसतो," नाना म्हणाले. "गोळीने बाग जात नाही."

मी जे खरं होतं ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत नाही आणि मी तुम्हाला खोटा भरवसा देणार नाही. पण ही गोळी नाकासाठी आहे, छातीतली शिट्टी तिने जाणार नाही. ती अशीच वाढली तर एक दिवस गाडी येईलच, ती महेशची नसेल, अँब्युलन्स असेल. आणि तुम्ही आडवे झालात की बागेचं काय करायचं ते तुम्हाला कोणी विचारणारही नाही.

नाना म्हणाले, "शुभाने असं कधी सांगितलंन नाही."

"मी शुभा नाही, नाना."

"ते दिसतंय," ते म्हणाले. पण उठून गेले नाहीत. नीलमने तेवढ्यात डॉक्टरांकडे फोन लावून दुसऱ्या दिवशीचा नंबर घेतलासुद्धा.

मी बरोबर गेले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, छाती तपासली. दमाच निघाला. तोंडाने ओढायचा पंप दिला, नाकात मारायचा स्प्रे दिला. फवारणीच्या वेळी तुम्ही बागेत थांबायचं नाही, ती गड्याला करू दे, आणि त्यालाही तोंड बांधायला सांगा. मोहोर असेपर्यंत रात्री बागेत निजायचं नाही, गावातल्या घरी निजायचं. दिवसा जायचं तर नाकतोंड झाकून. पुन्हा दाखवायला या. बाग सोडा असं ते म्हणाले नाहीत. नानांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. निजण्यावरून थोडी घासाघीस केली, ती डॉक्टरांनी ऐकली नाही. परत येताना मला म्हणाले, पंप म्हणजे शेवटचं ना गो? मी म्हटलं, कोणी सांगितलं? पंप म्हणजे पंप, औषध आहे. हे मी पुढच्या वर्गासाठी टिपून ठेवलं आहे. पंप कसा ओढायचा ते नीलमने शिकवलं. नाना तीन वेळा चुकले, मग तिलाच म्हणाले, तू नीट दाखवत नाहीस.

आता शिट्टी कमी आहे. मोहोरही या वर्षी बरा धरला आहे, असं ते सांगत होते. त्याचं श्रेय ते कोणाला देतात ते मी विचारलं नाही.

तुला वाटेल, एवढ्यावर मी थांबेन. मलाही वाटलं होतं. आभार मानायचे तर मी तुझे कधी मानले नाहीत, आपल्यात ते नव्हतं, आणि आता मानणं म्हणजे तुझ्या पाठीमागे बोलण्यासारखं होईल. एवढंच लिहिते की तू नसतीस तर मी वर्षानुवर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवलं असतं. समोर माणूस येतो, तो पिशवी पायाशी ठेवतो, गाठ सोडतो, बांधतो, हे तुझ्यामुळे मला दिसतं.

पण परवा दुकानात फोन आला. महेशचा. नानांकडे शेजाऱ्याने पंप पाहिला आणि त्याला कळवलं. औषध कुठून आणतात ते त्याला लहानपणापासून माहीत आहे. मासळी घ्यायला वडिलांबरोबर तोही यायचा, तू त्याला खोकल्याच्या गोळ्या द्यायचीस म्हणे. त्याने विचारलं, बाबांना काय झालंय? ते मला काही सांगत नाहीत. त्याचा आवाज घाबरलेला होता, रागावलेला नव्हता. नीलमने रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हटलं, सांगा, मुलगा आहे, काळजीत आहे. मी म्हटलं, नाही. काउंटरवर नाना बोलले ते नानांचं आहे. मी फोन घेतला आणि महेशला सांगितलं की बाबांची तब्येत ठीक आहे, बाकी त्यांनाच विचार. तो म्हणाला, म्हणजे काहीतरी आहे. मी म्हटलं, तू ये. मोहोर छान आहे, बघायला ये.

फोन ठेवल्यावर नीलम म्हणाली, शुभाताईंनी सांगितलं असतं त्याला. मी म्हटलं, नसतं सांगितलं. ती म्हणाली, असतं. खरं तर आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. गार वड्यांवर तू काय म्हणाली असतीस ते मी सांगू शकते. माझ्या नानांच्या सोंगावर काय म्हणाली असतीस तेही सांगू शकते, आणि ते इथे छापता येणार नाही. यावर मला तुझं काही ऐकू येत नाही. तू गेलीस हे मला त्या दिवशी, फोन ठेवल्यानंतर, नीट कळलं.

महेश शनिवारी येतोय. आधी बागेत नानांकडे गेला, तर त्याला न सांगण्यात मी बरोबर होते असं मी समजेन. आधी दुकानात आला, तर त्याला काय सांगायचं आणि किती, ते नीलम आणि मी आधीच ठरवून ठेवणार आहोत. आज संध्याकाळी बसतो आहोत. ती ऐकणारी नाही, मी सोडणारी नाही. भांडण होईल.